मावशीचं करडं कथील

माझी मावशी एका प्रयोगशाळेत साध्या पांढऱ्या कथलाचं करडं कथील करायची. काका, म्हणजे तिचे यजमान, त्याच प्रयोगशाळेतली थंडीची यंत्रं सांभाळायचे आणि मी तिथल्या कार्यालयात. पाऱ्यात विरघळवलेल्या कथलाचा हरभऱ्याएवढा स्फटिक कडाक्याच्या थंडीत वाढवायला मावशीला वर्ष लागलं होतं. त्यात इलेक्ट्रॉन किती सहज धावतात ते निवृत्तीआधी मोजायचं, एवढी एकच इच्छा तिची उरली होती.

या कथलात इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जायला मध्ये उंबरठाच नसतो, असं ती सांगायची. आत कचरा, म्हणजे परके अणू, असला तर, असं मी विचारलं. तो असतोच, म्हणाली, पण आजूबाजूचे इलेक्ट्रॉन जरा सरकून त्याचा विद्युतभार झाकतात, म्हणून धावणाऱ्यांची वाट फारशी अडत नाही. काका हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचे.

शीतपेटीचं झाकण नीट बसत नाही, अशी मावशीची तक्रार होती. मोजमापाच्या आदल्या दिवशी काकांनी ती मनावर घेतली. पेटी बंद करून साचलेला बर्फ काढला, झाकणाचं रबर बदललं आणि स्फटिकाची डबी तेवढा वेळ उन्हाच्या खिडकीत ठेवली, तीही कापसात गुंडाळून. कथील काय दूध आहे नासायला, असं त्यांना वाटलं. पण करडं कथील उबेने पालटून पुन्हा पांढरं होतं, हे विज्ञानात नापास झालेल्या मलाही ठाऊक होतं. मावशीने डबी उघडली तर आत तडकलेलं, चकचकीत, बाजारात मिळतं तसलं कथील. मला काकांचा असा संताप आला की तोंडच बघू नये वाटलं.

संचालकांनी विचारलं तेव्हा काका तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, डबी मीच बाहेर ठेवली. संचालक हळहळले. पण ती निवृत्त झाली की तिची खोली दुसऱ्या गटाला द्यायचं आधीच ठरलं होतं, ते काही बदललं नाही; नवा स्फटिक वाढवायला आणखी वर्ष मिळणार नव्हतं.

आम्ही तिघं घरी चालत येताना काकांनी मावशीला विचारलं, "खोटं का बोललीस?"

"आतला कचरा आजूबाजूच्यांनी झाकायचा असतो. इतकी वर्षं सांगतेय, ऐकलंत कधी?"

"म्हणजे मी कचरा."

"मग काय, सोनं?"

मावशी हसली. काका हसले नाहीत. रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी डोळे पुसले.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "आता ऐकतो."

आणि मावशीने घर येईपर्यंत सगळं सांगितलं.