तिसऱ्या हाकेची वाट

रविवार, २९ सप्टेंबर २०२४. सकाळी सहाला वडगावातून गाडी निघाली. जांबोटीला चहा. कणकुंबीच्या पुढे धुके. पठारावर फुले पुष्कळ, पण दिसली थोडीच. मंगलची छत्री हरवली. परशराम गावडे सुखरूप परत आले.

शेवटचे वाक्य मी कधी लिहीन असे वाटले नव्हते. ते का लिहावे लागले, हे आता बसून सविस्तर लिहिते.

परशराम वीज खात्यात लाइनमन होते. आमच्या गल्लीतला फ्यूज गेला की तेच खांबावर चढत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमचा रविवारचा गट जमवला. आम्ही बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. त्यांनी आम्हाला राकसकोपच्या तळ्याच्या काठाने चालवले, वैजनाथच्या डोंगरावर चढवले, वेंगुर्ल्याला नेऊन समुद्रात गुडघाभर पाण्यात उभे केले. पती गेल्यावर मी दोन वर्षे घराबाहेर पडले नव्हते. मला पहिल्यांदा बाहेर काढले ते परशराम यांनी. "आक्का, भिंती काय पळून जात न्हाईत, संध्याकाळी परत बघा की," असे म्हणून.

त्यांची एक सवय होती. कुणीही, कुणालाही हाक मारली की ते आधी "ओ!" म्हणत. वेंगुर्ल्याला एक कोळीण आपल्या मुलाला बोलावत होती, तर पाण्यातून परशराम यांनी ओ दिली. तळ्याकाठी गुराखी म्हशीला ओरडला, तिलाही ओ.

"अण्णा, म्हशीचंबी नाव परशराम हाय व्हय?" मंगलने विचारले. मंगल माझी शेजारीण. तिच्या घरी दोन यंत्रमाग आहेत, त्या आवाजात राहून तिला हळू बोलणे जमत नाही.

"असंल की. ओ द्यायला काय पैसं पडत्यात?" परशराम म्हणाले. सगळे हसले. ते हसले नाहीत.

त्यामागचे कारण मला त्यांच्या पत्नीने, अक्काताईंनी सांगितले. परशराम मूळचे कणकुंबीकडच्या एका वाडीचे. त्यांच्याकडे रानात पहिल्या दोन हाकांना उत्तर देत नाहीत. चकवा दोनदाच बोलावतो, तिसरी हाक आली तरच ती माणसाची, असे तिथले लोक मानतात. परशराम पोरगे असताना धाकट्या बहिणीबरोबर, मालूबरोबर, पठारावर गुरे चारायला गेले होते. धुके उतरले. एक वासरू चुकले म्हणून मालू शोधायला गेली. थोड्या वेळाने धुक्यातून हाक आली, "दादा!" ते गप्प राहिले. परत हाक आली, "दादा!" ते तोंड घट्ट मिटून तिसऱ्या हाकेची वाट बघत उभे राहिले. तिसरी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी ती कड्याखाली सापडली.

"सासऱ्यांनी एका शब्दानं बोल लावला न्हाय," अक्काताई म्हणाल्या. "उलट म्हणाले, बरोबर वागलास, पोरा. तेच ह्यांना लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं बघा."

मग त्यांनी माझा हात धरला. "त्यास्नी दर्या दाखवा, तळं दाखवा, तेवढ्या पठाराकडं नेऊ नगा. लगीन झाल्यावर एकदा आम्ही दोघं गेलतो. कोण हाक मारली देव जाणं, हे आलो आलो म्हणत सरळ कड्याकडं चालले. एका धनगरानं कमरंला मिठी घातली म्हणून आज मी कुंकू लावते."

त्यानंतर तीन वर्षे पठाराचा विषय निघाला की मी काहीतरी कारण काढत असे. या वेळी मारुतीराव हट्टाला पेटले. ते गटाचे खजिनदार. "फुलं वर्षातनं एकदा येतात, बाई. पुढच्या वर्षी आपल्यातले किती चालते असतील?" परशराम म्हणाले, "जाऊया की." म्हाळाचे, पितृपक्षाचे दिवस आहेत, आता कशाला, असे मंगलने म्हणून पाहिले, पण कुणी ऐकले नाही. मी अक्काताईंना फोन केला. त्या एवढेच म्हणाल्या, "मग तुम्ही त्यांच्याजवळनं हलू नगा."

मी हलले नाही. वर चढताना त्यांच्या मागेच होते. पठारावर पांढरी, जांभळी बारीक फुले पायाशी होती आणि त्यापलीकडे नुसते धुके. बाकीची मंडळी गाडीच्या बाजूला फोटो काढत राहिली, मंगलचा आवाज तिकडून येत होता. माझ्या बुटात खडा गेला. मी एका मोठ्या दगडावर टेकले, बूट काढला, झटकला. वर पाहिले तर परशराम नव्हते.

"परशराम!" मी हाक मारली. कॉन्व्हेंट शाळेत नन आम्हाला कधी मोठ्याने बोलू देत नसत. इतक्या वर्षांनीही माझा आवाज पटकन उठत नाही.

"ओ!" उत्तर लगेच आले. पण पुढून, लांबून.

मला वाटले, ऐकले, आता येतील. आले नाहीत. मी दुसरी हाक मारली, जरा जोराने.

"आलो, आलो! थांब, मालू!"

आवाज आणखी लांब गेला होता. माझ्याच हाकांनी मी त्यांना कड्याकडे ढकलत होते. आता गप्प बसावे, म्हणजे ते थांबतील, असे मनात आले. तोंडावर हातही ठेवला. पण मग लक्षात आले की मालूही दोन हाकांनंतर अशीच गप्प झाली होती. मी आता गप्प बसले तर मालूच ठरणार होते.

मी उभी राहिले, एका पायात बूट नसताना. "परशराम! ही तिसरी हाक आहे! तिसरी!"

काहीच आले नाही. वाऱ्याने गवत हलले तेवढेच.

मग अगदी वेगळ्या आवाजात, झोपेतून उठल्यासारखे, "आक्का?"

"हो, मीच."

"तुम्ही कुठं हायसा?"

"वाटेवरच्या मोठ्या दगडापाशी."

"मग मी कुठं हाय?"

"आहात तिथे खाली बसा. बसा म्हणते ना! पाऊल उचलू नका."

मंगल आणि मारुतीराव माझा आवाज ऐकून धावत आले. मंगलची छत्री तेव्हाच कुठेतरी पडली. धुके विरळ झाल्यावर दिसले, परशराम कड्याला तोंड करून मांडी घालून बसले होते. त्यांच्यापुढे गवताचा एक पट्टा आणि मग दरी. मारुतीरावांनी त्यांना बखोटीला धरून मागे ओढले आणि स्वतःच रडायला लागले.

गाडीत परशराम माझ्या शेजारी बसले. जांबोटी मागे पडल्यावर त्यांनी विचारले.

"आक्का, तुम्ही किती हाका मारलासा?"

"तीन."

"मला चार आल्या."

"तुमची तिसरी झाली, मी बसलो, मग एक आली. खालनं. दादा म्हणून." ते खिडकीबाहेर बघत होते. "म्हणजे तिचीबी तिसरीच की."

"ओ दिलीत?"

"दिली. बसूनच दिली."

मग त्यांनी फोन काढला. अक्काताईंचा आवाज मला ऐकू येत होता, त्या "कुठं हायसा, कुठं हायसा" एवढेच विचारत होत्या. "येतोय," परशराम म्हणाले. "आणि हे बघ, बुधवारी सर्वपित्रीला मालूचंबी पान वाढ." "आता वाढू देतासा व्हय?" अक्काताईंनी रडत विचारले. इतक्या वर्षांत परशराम यांनी मालूच्या नावाने घास काढू दिला नव्हता, हे मला तेव्हा कळले. फोन खिशात ठेवून ते झोपी गेले. पिरनवाडीपर्यंत त्यांची मान माझ्या खांद्यावर होती.

नळाला आज सहाव्या दिवशी पाणी आले. दोन्ही पिंपे भरून ठेवली.