हात सुटायच्या आधी

रिटायरमेंटनंतरचं माझं पहिलं पोस्टिंग पाथर्डी फाट्याजवळच्या दोन खोल्यांत झालं. पायदळात चोवीस वर्षं काढून मी सुभेदार म्हणून नाशिकला घरी आलो होतो. पहाटे साडेचारला डोळे उघडायचे. पाचला दाढी, सव्वापाचला बूट. सहानंतर करण्यासारखं काहीच उरत नसे. मग मी गॅलरीपासून दारापर्यंत आणि दारापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारायचो. मंगल, म्हणजे माझी बायको, दोन महिने काही बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "अहो, खालच्या काकू विचारत होत्या, वर पिठाची गिरणी टाकलीत का म्हणून."

या येरझाऱ्यांमागे एक कारण होतं आणि ते मंगललाही माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी माझा जोडीदार नाईक सोमनाथ भोये ड्यूटीवर असताना गेला. शेवटी तो शुद्धीवर नव्हता, त्याला काही कळलंच नाही, असं मी त्याच्या बायकोला सांगितलं होतं. ते खोटं होतं. नोकरीत असेपर्यंत समोर कायम काहीतरी काम असायचं, त्यामुळे ते खोटं मागे पडलेलं असायचं. घरी बसल्यावर ते रोज समोर यायला लागलं.

शरीर थकलं की डोकं गप्प बसतं, हा फौजेतला जुना इलाज. म्हणून मी केटलबेल घ्यायचं ठरवलं. केटलबेल म्हणजे लोखंडाचा गोळा आणि वर पकडायला कडी. दोन खोल्यांच्या घरात पलंगाखाली मावते आणि गच्चीवर नेता येते. मेन रोडमागच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, सुरुवातीला बारा किलोची न्या. फार तर सोळा." त्यानं काका म्हटल्याचा मला राग आला. मी म्हणालो, "फौजी आहे. चोवीस काढ."

ती चोवीस किलो घेऊन तीन मजले चढलो. मंगलनं पाहिलं आणि म्हणाली, "एवढी मोठी किटली? चहा कुणाकुणाला पाजायचाय?" चौथ्या दिवशी झोका घेताना, म्हणजे गोळा दोन पायांमधून पुढे झुलवताना, माझी कंबर धरली. तीन दिवस आडवा होतो. त्या तीन दिवसांत मंगल मला "सुभेदारसाहेब" म्हणून हाक मारत होती. एरवी ती कधी मारत नाही.

कंबर मोकळी झाल्यावर दुकानात परत गेलो आणि बारा किलोची मागितली. दुकानदार भला माणूस, हसला नाही. या वेळी मी रायफल तपासावी तशी ती तपासली. कडीच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं. ओतकामाची धार राहिली असेल तर तळहात सोलतो. दोन्ही हात शेजारी शेजारी कडीत बसतात का ते पाहिलं. बूड सपाट हवं, नाहीतर ठेवल्यावर गोळा लवंडतो. चकचकीत रंगाची नाकारली, कारण घाम आला की ती निसटते.

शिकलोही पहिल्यापासून. आधी झोका नाही, फक्त जमिनीवरून उचलणं आणि ठेवणं. पायात बूट नको. गोळा दोन पावलांच्या मध्ये. कंबर मागे ढकलून वाकायचं, पाठ सरळ ठेवायची, टाचा दाबून उभं राहायचं. हात नुसते दोरीसारखे, जोर मांड्यांचा आणि कमरेचा. दोन आठवडे एवढंच केलं आणि मगच झोक्याला हात घातला. आणि एक नियम स्वतःला लावला. हात सुटायच्या आधी "बस" म्हणायचं आणि खाली ठेवायचं. गच्चीवर एकटा असलो तरी मी मोठ्यानं "बस" म्हणायचो. शेजारच्या गच्चीवरची मंडळी मला बहुधा वेडा समजत असावीत.

मे महिन्यात हिरावहिनी आठ दिवस आमच्याकडे राहायला आल्या. हिरावहिनी म्हणजे सोमनाथची बायको. पेठ तालुक्यात पाड्यावर राहतात, घरची थोडी भातशेती आहे आणि आश्रमशाळेत स्वयंपाक करतात. मोठी पातेली उचलून उजवा खांदा दुखायला लागला होता. डॉक्टरनं तपासून सांगितलं, हाड ठीक आहे, थोड्या थोड्या वजनानं ताकद वाढवा. मंगलनं लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. "हे आहेत की. यांना तरी काय काम आहे?"

मी नाही म्हणू शकलो नाही. वहिनींसाठी आठ किलोची आणली. सकाळी सहाला गच्चीवर फॉलइन. भरलेला हंडा जमिनीवरून उचलायची सवय असलेल्या बाईला मी काय वाकायला शिकवणार? पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापेक्षा नीट उचललं. "बस"चा नियम तेवढा मी त्यांना सांगितला. मी आकडे मोजायचो आणि त्यांच्याकडे न बघता पांडवलेण्याच्या डोंगराकडे बघत राहायचो. एकोणीस वर्षं मी त्यांच्याशी असाच बोलत आलो होतो.

पाचव्या दिवशी त्या एका हातानं उचलून उभ्या होत्या. मी वीसपर्यंत मोजलं. बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती. त्या "बस" म्हणाल्या नाहीत. कडी निसटली आणि गोळा त्यांच्या पावलापासून वीतभर अंतरावर आदळला.

मी परेड ग्राउंडवरच्या आवाजात ओरडलो. "बोलायला काय झालं होतं? तोंड नाही का? हात सुटतोय तर सांगायचं!"

शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, तुम्ही माझ्यावर नाय वरडले. कोणावर वरडले?"

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं.

जुलै महिना होता. आमची पोस्ट उंचावर होती, आणि सावलीत अजून बर्फ होता. सकाळी गस्त, मग झऱ्यावरून पाण्याचे जेरीकॅन आणायचे, संध्याकाळी बंकरची डागडुजी. रोजचं हेच. त्या दिवशी चौदा वीसला, म्हणजे दुपारी दोन वीसला, पाणी आणताना वरून दरड आली. मी दहा पावलं मागे होतो. सोमनाथच्या पोटावर आणि पायावर दगड आले. रेडिओवर मी खाली कळवलं.

"एक कॅज्युअल्टी, सीरियस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"निगेटिव्ह. वेदर खराब आहे. हातानं खाली आणा. ओव्हर."

स्ट्रेचरला चार कोपऱ्यांवर चार जण आणि सोबत दोन मोकळे. नियम साधा असतो. हात भरून आला की "बदली" म्हणायचं, मोकळा माणूस तुमची जागा घेतो. त्यात कमीपणा नाही, हे रिक्रूटला पहिल्या महिन्यात शिकवतात. बाकी तिघांनी चार-पाच वेळा बदली घेतली. मी एकदाही नाही. माझा जोडीदार होता, तो मीच नेणार, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. सतरा पाचला उतारावर माझी बोटं उघडली. स्ट्रेचर कलंडलं आणि सोमनाथ पंधरा-वीस फूट खाली घसरत गेला. त्याला परत बांधून निघायला वीस मिनिटं गेली. अठरा चाळीसला एड पोस्टला, म्हणजे खालच्या उपचार केंद्राला पोचलो. एकोणीस दहाला डॉक्टरसाहेब बाहेर आले. म्हणाले, आतून रक्तस्राव फार होता, वीस मिनिटांनी फरक पडला नसता. मी "जी साहब" म्हणालो. विश्वास ठेवला नाही, आजही पूर्ण बसत नाही.

"हे तुम्हाला कळू नये म्हणून मी सांगितलं की तो शुद्धीवर नव्हता. जागा होता म्हटलं असतं तर तुम्ही वाटेतलं सगळं विचारलं असतं," मी म्हणालो. "मला लाज वाटत होती, वहिनी."

शिव्या ऐकायची माझी तयारी होती. त्या उठून पेठला निघून जातील, याचीही तयारी होती. त्यांनी माझ्या हाताबद्दल एक शब्द विचारला नाही.

"म्हंजे ते जागे हुते," त्या म्हणाल्या. "काय बोल्ले?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता. मी माझी चूक लपवत होतो, आणि तिच्यासोबत सोमनाथचे शब्दही दाबून ठेवले होते. ते माझे नव्हतेच.

"घसरल्यावर मी जवळ गेलो तर म्हणाला, 'मला काय जेरीकॅन समजला काय रे?' हसला सुद्धा. मग पुन्हा निघालो. सतरा तीसच्या सुमारास म्हणाला, 'घरी भाताची आवणी चालू आसंल. हिरीला सांग, औंदा दोन बाया लाव जोडीला. येकटी वाकू नको म्हणावं.' त्यानंतर बोलला नाही."

वहिनी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला वाटायचं, जाताना त्यांला माझी सय आली नसंल. शुद्धच नव्हती तं कशी येईल?"

मग म्हणाल्या, "त्या साली येकटीनंच भात लावला. खबर आली तवा शेवटचं खाचर राहिलं हुतं."

मी रडलो. चोवीस वर्षांच्या नोकरीत कुणासमोर रडलो नव्हतो. त्या रडल्या नाहीत.

"परत सांगा," त्या म्हणाल्या. "जसं बोल्ले तसंच सांगा."

मी उभा राहिलो आणि परत सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं, तेव्हा त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. पेठच्या दिशेला तोंड होतं.

"लावते म्हणावं," त्या म्हणाल्या. "औंदा दोन बाया लावते."