आउटपुटमध्ये आलेली हाक

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. कामच असलं – समोर दिसेल तेवढं खरं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड वाटतंय…

मी कळंब्याला राहते, घरूनच काम करते. आमची टीम एक कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारं सॉफ्टवेअर, तपासते. सोपं करून सांगते – प्रोग्रॅममध्ये एखादं फंक्शन जाहीर केलं की त्याचं नाव आणि ते कसली माहिती घेतं, हे दोन्ही गुंफून कंपायलर आकडे मिसळलेलं एक लांबलचक जोडनाव बनवतो. ते बरोबर बनतंय का, एवढंच मी बघते.

माझे वडील, दादा, मी काम करते त्याच खोलीत पडून असायचे. पक्षाघातानं वाचा गेली होती. हाक मारली तरी मान वळवत नसत.

त्या दुपारी एक टेस्ट फेल झाली. फाईलमध्ये कुठंच नसलेलं एक नाव आउटपुटमध्ये आलं होतं. पुण्याचा सहकारी समीर कॉलवर होता, त्यालाही माझी स्क्रीन दिसत होती.

"आकडे सोड, मधलं नाव काय आहे ते वाच," समीर म्हणाला.

मी मोठ्यानं वाचलं, "मुत्तण्णा."

"बंदे, अव्वा!"

मागून… दादा! खणखणीत आवाज. दाराकडे बघत होते, डोळे वाहत होते.

"कोण बोललं गं?" समीरनं विचारलं.  मी टेस्ट परत चालवली – पास. ते नाव नव्हतंच.

संध्याकाळी कोडोलीला आत्याला, दादांच्या थोरल्या बहिणीला, फोन करून ते नाव आणि दादांचे शब्द सांगितले. 

"ते नाव तुला कुणी सांगिटलं गं पोरी?"

"का?"

"आमची अव्वा, म्हंजे आई, त्येला तशी हाक मारायची. कानडी मुलखातली की ती. ती गेली, तवापास्नं त्या नावानं कुणी बोलवलं न्हाय त्येला. तुझ्या आईलाबी म्हाईत नव्हतं." मग हळूच म्हणाली, "बंदे म्हंजे… आलो."

दुसऱ्या दिवशी आत्या आली. दादांच्या उशाशी बसून "मुत्तण्णा, मुत्तण्णा" करत राहिली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. त्याच आठवड्यात दादा गेले.

नंतर मी जुन्या फाईली, समीरचं मशीन, सगळं धुंडाळलं. दादा का बोलले हे एकवेळ समजू शकतं – पण ते नाव तिथं आलं कुठून? आजही सांगता येत नाही.

"अव्वा न्यायला आली असंल," आत्या म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

मी वाद घातला नाही.