सहा वारांचा आठवडा

बारावीनंतर मी मूल या आमच्या तालुक्याच्या गावी घरी बसून अब्बांनी शिवलेल्या शर्टांना काजं करत होते, तेव्हा साक्षरतेची मोहीम आली. जगभरच्या देशांनी मिळून म्हणे ठरवलं होतं, एकही माणूस अंगठेबहाद्दर ठेवायचा नाही. कुठे ठरलं, कुणास ठाऊक. आमच्यापर्यंत त्यातलं पोचलं ते खोकंभर पाट्या-पुस्तकं, आणि शिकवणारी म्हणून मी.

मला शिकवायला दिलेलं गाव मूलहून सायकलने अर्ध्या तासावर होतं. धानाची रोवणी आटोपली की बायकांना दुपारी जरा फुरसत मिळे, मग शाळेच्या पडवीत वर्ग भरे. माझ्या दुप्पट वयाच्या बायका मला ‘मास्तरीनबाई’ म्हणत आणि मी त्यांच्यावर खेकसत असे. राग तेव्हा माझ्या नाकावरच असायचा.

त्यांत एक बाई सगळ्यांत हुशार. जोडाक्षरंसुद्धा तिने आठ दिवसांत उचलली. पण आठवड्याचे वार म्हणायला सांगितलं की सहाच म्हणायची. मधला एक गाळायची, आणि रोज तोच. एकदा मी चिडून पाटीच आपटली. “साधे सात वार येत नाहीत?” तिने पदर तोंडाला लावला. शेजारची म्हणाली, “येते न बाई तिले! पण तो वार तिच्या घरवाल्याच्या नावात हाय. कशी घेईन थे?”

नवरा ज्या वारी जन्मला तेच नाव आईबापांनी त्याला ठेवलं होतं. (कोणता वार, ते मीही सांगत नाही. तिची सवय मला लागली.) त्या वाराला ती ‘बाजाराचा दिवस’ म्हणे. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझी अम्मीसुद्धा अब्बांना “अजी, सुनते हो” याशिवाय हाक मारत नसे. ती पाटी आपटल्याची मला अजून लाज वाटते.

गावातली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मूलला यावं लागे, आणि मुलींना कोणी पाठवत नसे. या बाईची मुलगी चौथीत होती. गावच्या शिक्षण समितीत एका आईची जागा भरायची होती. तिथे बसून गावातच पाचवीचा वर्ग मागायचा, हा तिचा ध्यास. “मले समितीत जाचंच हाय बाई, नाई तं पोरगी घरी बसन,” असं ती मला दर दोन दिवसांनी ऐकवायची.

सभेच्या दिवशी हेडमास्तरांनी रजिस्टर पुढे केलं. अंगठा चालणार नाही, पूर्ण नाव लिहा, म्हणाले. पूर्ण नाव म्हणजे आधी बाईचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. तिने स्वतःचं लिहिलं आणि पेन थांबलं. मागून कोणीतरी म्हणालं, “आंगठ्यावालीच हाय!” सगळे हसले. हेडमास्तरांनी दुसरी कोणी बाई आहे का, असं विचारलं. एवढी शिकवली आणि बरोबर इथेच अडली!

तेवढ्यात गर्दीतून तिचा नवरा पुढे आला. “काऊन थांबली व? लिव न! पटवारी सातबाऱ्यावर लिवते माह्यं नाव, मेलो का मी?”

तिने लिहिलं. सावकाश, एकही काना-मात्रा न चुकवता. हेडमास्तरांनी मान डोलावली आणि जागा तिची झाली. नवरा मात्र रजिस्टरवर वाकला. तो स्वतः अंगठ्यावाला, त्याला त्या ओळीतलं काहीच कळेना.

“यात मी कुठी हाय? वाच बरं.”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बोट ठेवून आधी आपलं नाव वाचलं, आणि लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच त्याचं. चारचौघांत, खणखणीत आवाजात.

आणि तिला अगदी खेटून उभा असलेला तो चटकन म्हणाला, “ओ.”