अंड्याच्या खिडकीतून

आमच्या भाऊजींइतका टक लावून पाहणारा माणूस उभ्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि कुणाच्या नुसत्या पाहण्याला माणसं इतकी भ्यालीही नसतील. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळात, घरचा संत्र्यांचा बगीचा भावांवर सोपवून त्यांनी अमरावतीत फोटोचं दुकान काढलं. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की हे पाच-पाच मिनिटं नुसते बघत राहायचे. भल्याभल्या नवरदेवांना घाम फुटायचा. मी अकोल्याला मास्तर होतो. सुट्टी लागली की त्यांच्याकडे जायचो आणि दर खेपेला त्यांचं खूळ थोडं वाढलेलं पाहून यायचो.

खूळ अंड्यांचं होतं. मागच्या खोलीत सरकीने भरलेली एक पेटी, आत कढत पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध खुडूक कोंबडीखालून पळवलेली अंडी. सरकी ऊब धरते हे कापसाच्या जिनात काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं, पण तिच्यात पिल्लं वाढवायचं भाऊजींनाच सुचलं. कवच कानशीने घासून चवलीच्या नाण्याएवढी खिडकी पाडायची, तिच्यावर अभ्रकाचा तुकडा मेणाने बसवायचा, आणि दर अर्ध्या तासाला त्या खिडकीतून एक फोटो. एकदा लग्नघरच्या मंडळींना “हलू नका” म्हणून ते आत गेले आणि अंड्यातच रमले. वीस मिनिटांनी मी डोकावलो, तर वरमाय श्वास धरून तशीच उभी होती.

हे फोटो एकावर एक रचून भाऊजी अंगठ्याने भराभर सोडायचे. बलकावर आधी काही नसायचं. मग एक ठिपका, त्याच्याभोवती रेघांचं जाळं, आणि अचानक तो ठिपका थरथरायला लागायचा. मग एक काळा डोळा. मी दचकलो, तेव्हा त्यांनी हसत हसत तोच गठ्ठा उलटा सोडून दाखवला. डोळा गेला, रेघा आटल्या, ठिपका विझला, आणि तिथे कधी कुणी नव्हतंच असं झालं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

“रेघा वेळेवर फुटल्या का नाही, येवढंच पाहून राहिलो मी,” ते म्हणायचे. तिसऱ्या दिवशीच ते पेन्सिलीने कवचावर लिहून मोकळे व्हायचे, ‘राहील’ किंवा ‘जाईल’. ते चुकल्याचं मी कधी पाहिलं नाही. गावात बोभाटा झाला आणि दुकानात येणाऱ्या बाया आपली लेकरं पदराआड लपवू लागल्या.

या खुळाचं मूळ मला माहीत होतं. ताईचे चार गर्भ तिसऱ्या महिन्यात गेले होते. हे नेमकं कुठे थांबतं, ते भाऊजींना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

पाचव्या खेपेला तिसरा महिना लागला तेव्हा मी तिथेच होतो. भर दुपारी ताई दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली.

“साऱ्या अंड्यायचं सांगता तुमी. माहं कावून नाही सांगत? राहते का जाते?”

भाऊजींनी कॅमेऱ्यामागे जाऊन काळं फडकं डोक्यावर ओढून घेतलं. मग आतून आवाज आला, आणि तो त्यांचा वाटेना. “मले काही दिसून नाही राहिलं.”

फडकं हलत होतं. ताई उठली आणि तिने फडक्यावरूनच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “नका पाहू मंग,” ती म्हणाली. मी बाहेर निघून आलो, कारण मलाही रडू आवरेना.

मुलगी झाली, सुखरूप झाली. त्या दिवसापासून भाऊजींनी तिच्याकडे कधी नीट डोळे भरून पाहिलं नाही. ती समोर आली की ते खिडकीबाहेर पाहत बोलायचे. तिच्या लग्नात फोटोवाला मी अकोल्याहून नेला, आणि मांडवात भाऊजी तिच्याकडे पाठ करून उभे होते.

आता भाऊजी नाहीत. परवा भाचीने विचारलं, “मामा, बाबा माह्याकडे कावून पायत नव्हते?”

फार जीव होता तुझ्यावर म्हणून, असं मी सांगितलं. तिला ते खरं वाटलं नाही, आणि पाहिलं तर ‘जाईल’ दिसेल ही त्यांची धास्ती मला तिला सांगता आली नाही.