पोटाचं खरं

तापाच्या रोग्यांचे किस्से होत नाहीत. किस्से साचतात ते पोटाच्या रोग्यांचे, कारण पोटाचं खरं कुणी सांगत नाही! दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी नगरकडच्या देवळालीला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. पोटातल्या व्रणावर द्यायचं बिस्मथ-सोड्याचं पांढरं मिक्स्चर मीच ढवळायचो. डॉक्टर प्रत्येकाला बजावायचे, “लाजू नका. व्रण फुटला तर नगरला पोचेपर्यंत जीव राहायचा नाही.” तरी सगळे लाजायचेच. आता हे सांगताना हसू कमी येतं, शरमच जास्त वाटते.

*

औषधाला बाटली रोग्यानं घरून आणायची. एका बागाईतदारानं आणलेली बाटली डॉक्टरांनी हुंगली. “दारू पिता?”

“न्हाई डाक्तर! बाटली शेजाऱ्याची हाय.”

“आणि वास येतोय ते तोंड कुणाचं?”



*

शाळेतले गुरुजी आले. रांगेत विद्यार्थ्यांचे बाप बसलेले, त्यामुळे बोलेनात. शेवटी कोपऱ्यातल्या छत्रीकडे बोट दाखवून पुटपुटले, “परसाकडला... असा रंग होतो.”

मी मोठ्यानं म्हणालो, “बिस्मथनं काळंच होतं गुरुजी, घाबरू नका!”

रांगेतून चार आवाज आले, “आमचंबी! आमचंबी!” बिचारे काळं म्हणजे आतून रक्त पडतंय समजून पंधरवडाभर मनात कुढत होते. हे आधी सांगायचं काम डॉक्टरांचं, पण चारचौघांत कसं बोलायचं म्हणून त्यांनीच टाळलं होतं! त्या दिवशी ते कानापर्यंत लाल झाले.

*

पाटलांना तिखट बंद होतं. जत्रेनंतर कळवळत आले.

“मटण खाल्लंत?”

“आईशप्पत न्हाई! नुसता रस्सा वरपला.”

*

तुकाराम म्हणून एक शेतकरी होता. दर आठवड्याला मिक्स्चर न्यायचा. अंगानं चांगला भरला, पण दुखणं म्हणे तसंच! डॉक्टरांनी पोट दाबून दाबून पाहिलं, तेव्हा कबूल झाला. “दुखणं मंडळीचं हाय. ती लाजती हितं यायला.”

“मग औषध?”

“ती पिती.”

“आणि मी सांगितलेलं दूध?”

“ते मी पितो. माझ्या नावानं सांगितलंय नव्हं!”

डॉक्टर कडाडले, “ती बाई सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खात असणार, म्हणून ही आग! घरच्या माणसाच्या पोटाची खबर नाही? लाज वाटत नाही?”

मी मिक्स्चर ढवळत राहिलो; आमच्या घरी तरी वेगळं काय होतं!

*

मग डॉक्टरांनी बायकांसाठी निराळा बाक टाकला. पहिल्याच दिवशी तो भरला. दुपारचे तीन वाजत आले तरी डॉक्टर न जेवता मान खाली घालून चिठ्ठ्या लिहीत होते. बाकावर शेवटी राहिल्या माई, डॉक्टरांच्या पत्नी. पदराखाली रिकामी बाटली. मला त्यांनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

“काय होतंय?” डॉक्टरांनी वर न बघताच विचारलं.

“छातीखाली आग होते.”

“कधीपासून?”

“झाली दोन-तीन वर्षं.”

“जेवता केव्हा?”

“तुमचं झाल्यावर,” माई म्हणाल्या.