कुलूपबंद कपाटातली लाईन

लाईन वरूनच बंद आहे, असं मी मॅडमना तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी खोटं बोललो.

जालन्यातल्या आमच्या कॉलेजची कॉम्प्युटरची खोली माझ्याकडे आहे. देशातली विद्यापीठं आणि संशोधन संस्था एकमेकांना जोडणारी, पुढे परदेशातल्या तशाच जाळ्यांना मिळणारी इंटरनेटची वेगवान लाईन आमच्याकडेही आली. माझ्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटापर्यंत आली आणि तिथंच थांबली. तपासणी समिती आली त्या दिवशी मी ती चालू केली, भलीमोठी फाईल क्षणात उतरवून दाखवली. साहेब लोकांनी माना डोलावल्या. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि मी प्लग काढला. चालू ठेवली तर बिघडेल, पोरं क्रिकेट बघत बसतील, जाब मला द्यावा लागेल. पुढच्या समितीपर्यंत ती नवीकोरी राहावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वनस्पतिशास्त्राच्या मॅडम मोसंबीच्या पानांवरच्या रोगाचं काम करत होत्या. उन्हातान्हात बागा फिरून त्यांनी हजारो फोटो काढले होते. परदेशातल्या एका विद्यापीठात ते तपासले जाणार होते. मुदतीत पोचले तरच त्या कामात मॅडमना जागा होती. आमच्या साध्या इंटरनेटवरून ते जाता जात नव्हते. तिकडच्या लोकांनी त्यांना कळवलं, तुमचं कॉलेज या जाळ्यात आहे, चौकशी करा.

म्हणून त्या माझ्याकडे आल्या. तिसऱ्यांदा तेच उत्तर ऐकून म्हणाल्या, "सर, हे तुमचं 'वर' कुठं हाये ते तरी सांगा, मीच जाऊन येते."

मी हसलो. आज ते हसू आठवलं की मान खाली जाते.

मग त्या हार्ड डिस्क पर्समध्ये घालून एसटीनं संभाजीनगरला जायला लागल्या. तिथं ओळखीच्या एका प्रयोगशाळेतून थोडे थोडे फोटो पाठवायच्या. निम्मे गेले असतील, तेवढ्यात मुदत संपली. त्यांची जागा गेली.

स्टाफच्या बैठकीत प्राचार्यांनी विचारलं, चालून आलेली संधी गेली कशी? मॅडम म्हणाल्या, माझंच नियोजन कमी पडलं. मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. घरी बायकोनं विचारलं, बरं नाही का? डोकं दुखतंय म्हणालो.

दुसऱ्या दिवशी प्लग लावला. मॅडमच्या प्रयोगशाळेपर्यंत वायर ओढायला एक दुपार पुरली. फक्त एक दुपार.

तरी तोंड उघडायला मला आणखी आठवडा लागला. स्टाफरूममध्ये चहा चालू होता, प्राचार्यही होते. मी उभा राहिलो.

"मॅडम, तुमचं काही कमी पडलं न्हाई. लाईन कधीच बंद नव्हती, मीच प्लग काढून ठेवल्ता. तुमची जागा माझ्यामुळं गेली, ती मला परत आणून देता येणार न्हाई. मला माफ करा."